जुळ्यांच्या दोन डब्या

बाळांनो, तुमच्या आईने रविवारी फोनवर सांगितलं की थोरलीने उंदरांच्या प्रयोगशाळेत काम धरलं आहे. जन्मापासून ज्यांच्या अंगात एकही जंतू शिरू दिलेला नसतो, अशा उंदरांच्या पोटात माणसांच्या आतड्यातले जंतू घालायचे आणि पुढे काय होतं ते बघायचं, असं ते काम. तुमची आई हसत म्हणाली, "आई, नात तुझ्याच वाटेने गेली गं." मी हं म्हटलं आणि तिकडच्या थंडीची चौकशी केली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आजी काय करायची, असं तुम्ही दोघांनी मला एकदा विचारलं होतं. मी म्हणाले होते, भाषांतर. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आता थोरली स्वतः डब्यांवर क्रमांक चिकटवणार, तेव्हा उरलेलं सांगायला हवं. धाकट्याला मराठी वाचणं जड जातं. त्याला आईने वाचून दाखवावं आणि मध्ये काही वगळू नये.

मी सुरतेत तीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. माझं स्वतःचं शिक्षण इंग्रजीत झालं, धुळ्याला, मिशनच्या शाळेत. घरात मराठी आणि अंगणात अहिराणी. तुमचे आजोबा सुरतेजवळच्या सचिन गावात एका डाइंग हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात होते, म्हणून आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. ते गेल्यावर घरात करण्यासारखं काही राहिलं नाही. कपाटं लावून झाली, त्यांची औषधं परत देऊन झाली, पडदे धुऊन झाले. अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने एका डॉक्टरांचा निरोप आणला. ते संशोधन करणारे डॉक्टर होते, गुजराती, वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांना इंग्रजी, मराठी आणि अहिराणी तिन्ही येणारं माणूस हवं होतं. बमरोली-पांडेसऱ्याकडच्या, खानदेशातून आलेल्या यंत्रमागवाल्यांच्या घरी जायचं, संमतीचा कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, नमुने गोळा करायचे आणि त्यांची वही ठेवायची. वही ठेवायची म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

अभ्यासाचा विषय त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावला. एकाच घरात, एकाच पातेल्यातलं खाऊन एक पोर भरतं आणि दुसरं वाळतं. आपण म्हणतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. का लागत नाही? डॉक्टरांचा तर्क असा, की दोष नेहमी अन्नात नसतो, कधी तो आतड्यातल्या जंतूंत असतो. हे तपासायचं कसं? भरलेल्या पोराची शी घ्यायची, वाळलेल्या पोराची घ्यायची, त्यातले जंतू प्लास्टिकच्या दोन वेगळ्या, हवाबंद तंबूंतल्या निर्जंतुक उंदरांना द्यायचे. मग दोन्हीकडच्या उंदरांना एकच अन्न घालायचं, तेही त्या पोरांच्या घरी शिजतं तसलं. दुसऱ्या तंबूतले उंदीर वाळले, तर दोष जंतूंचा. मग कुठला जंतू कमी पडतो ते शोधता येईल, आणि पुढे कधीतरी तो पोराला देता येईल.

मला हे फार पटलं. शाळेत इतकी वर्षं मी काटकुळी पोरं पाहिली होती, आणि प्रत्येकाच्या आईला सासूने, शेजारणीने आणि क्वचित मीही ऐकवलं होतं, की बाई, पोराकडे लक्ष दे. त्या आईचा दोष नाही असं कुणी उंदरांकडून सिद्ध करून दाखवणार असेल, तर त्याची वही मी ठेवणार नाही तर कोण ठेवणार?

कडोदऱ्याच्या पुढे हायवेला लागून त्यांची प्रयोगशाळा होती. मला ती एकदा दाखवली. काचेच्या दारापलीकडे खोलीभर पारदर्शक प्लास्टिकचे तंबू, हवेने फुगवलेले, प्रत्येकाच्या भिंतीला आतल्या बाजूला लोंबणारे लांब हातमोजे. आत पिंजरे. हवा गाळून आत जायची, पाणी उकळून, अन्न वाफेवर उकडून. एका मुलीने हातमोज्यांत हात घातले, एक उंदीर मानेच्या कातडीला धरून उचलला आणि टोकाला गोळी असलेली वाकडी सुई त्याच्या तोंडातून पार पोटात घातली. दोन थेंब. उंदीर ओरडला नाही. पिंजऱ्यात सोडल्यावर त्याने तोंड पुसलं आणि खायला गेला. डॉक्टर म्हणाले, "बेन, आत्तापर्यंत हा जगात एकटा होता. आता नाही." मी विचारलं, "आणि शेवटी?" ते म्हणाले, "शेवटी मारावे लागतात. आतडी बघायची असतात."

त्यांच्या खाण्याच्या गोळ्यांसाठी पोरं दिवसभरात काय खातात याची यादी मी करून दिली होती. चहात बुडवलेली खारी, डाळीचं पाणी आणि भात, बटाटा, भाकरीचा पापुद्रा, वेफरची पुडी. यादी पाहून डॉक्टर म्हणाले, "उंदीर तक्रार करतील."

आता त्या घराबद्दल. बमरोलीत, मागांच्या शेडपासून जवळ, एका ओळीत दहा खोल्या आणि टोकाला सामायिक संडास. मागांचा आवाज जमिनीतून पायात यायचा. तिथे तिसऱ्या खोलीत नंदुरबारकडचं एक कुटुंब राहत होतं. नवरा बारा तास मागावर. बायको घरी साड्यांचे सुटे धागे कापायची. तिच्या मांडीवर नेहमी एखादी चकचकीत साडी असायची आणि अंगावर साधं पातळ. सासू माझ्याच वयाची. आणि दीड वर्षाची जुळी, मुलगी आणि मुलगा.

मुलगी लठ्ठ नव्हती, पण भरलेली होती. येईल त्याच्या हातातलं ओढून घ्यायची. मुलगा तिच्या निम्मा. त्याचे डोळे मोठे दिसायचे, कारण बाकी चेहरा उरलाच नव्हता. तो रडायचा नाही. उचलला की खांद्यावर डोकं टेकवायचा आणि तसाच राहायचा. डॉक्टरांना अशीच जोडी हवी होती. एक आई, एक दूध, एक घर, एकाच दिवसाचा जन्म, आणि तरी इतका फरक.

अभ्यासात आलेल्या घराला काही मिळायचंही. दर मंगळवारी आमची नर्स काटा घेऊन जायची, डॉक्टर पंधरा दिवसांनी तपासायचे, दुबळ्या पोरासाठी शेंगदाण्याच्या गोड पेस्टच्या पुड्या मिळायच्या. मुलगा ती पेस्ट बोटाने चाटून खायचा. माझ्या वहीत त्याच्या रकान्यात आकडे हळूहळू चढत होते. फार नाही, पण चढत होते. हे ध्यानात ठेवा.

संमतीचा कागद मी त्यांच्या खोलीत बसून वाचला. नवरा मधल्या सुट्टीत आला होता, त्याने उभ्याउभ्या सही केली आणि गेला. मला मात्र कागद शेवटपर्यंत वाचायचा होता. नर्स आधीच कानात कुजबुजली होती, "बाई, ते उंदीर मारण्याचं नका वाचू. ही माणसं घाबरतात." मी तिला म्हटलं, "मी तीस वर्षांत धड्यातलं वाक्य सोडलेलं नाही."

सासू ऐकत होती आणि तंबाखू मळत होती. "म्हणजे पोऱ्यानी शी उंदरांना खाऊ घालणार?"

"हो, अक्का. त्यातले जंतू."

"आमना घरमा उंदीर फुकट फिरतंस. त्याच लई जाय व बाई." आमच्या घरातलेच घेऊन जा, असं म्हणून ती स्वतःच इतकी हसली की सूनही खाली मान घालून हसली.

मीही हसले आणि पुढे वाचलं. बाळाचे जंतू उंदराच्या पोटात वाढतील. उंदीर बाळासारखा वाळतो का ते बघितलं जाईल. अभ्यास संपल्यावर उंदीर मारले जातील.

सून हसायची थांबली. "मारतील?"

"मारावे लागतात."

"माझ्या पोराचं त्याच्या पोटात असताना?"

मी तिला समजावलं. जंतू म्हणजे पोर नव्हे, शी तर आपण रोज टाकतोच, उंदराला काही झालं तर त्याचा पोराशी संबंध नाही. माझी वाक्यं व्याकरणशुद्ध होती. तिने मान हलवली. सासूने तंबाखू तोंडात टाकली. मी पुढचा परिच्छेद घेतला.

इथे मला थांबून एक सांगायचं आहे. आमच्याकडे बाळाचं जावळ काढतात तेव्हा केस जमिनीवर पडू देत नाहीत. आत्या पदरात झेलते आणि ते नदीला सोडतात. नखं काढली तर पुरून टाकतात. पोर आजारी असलं, तर त्या घरातून दिवेलागणीनंतर कुणाला विरजणसुद्धा देत नाहीत. बाळाच्या अंगचं काही परक्याच्या हाती लागलं की ते परक्याच्या मर्जीवर जातं, हे मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेलं होतं. तुमच्या आईचं जावळ काढलं तेव्हा मी स्वतः ते केस कणकेच्या गोळ्यात घालून तापीत सोडले होते. म्हणजे त्या खोलीत बसलेल्या तिघींपैकी तिघींनाही हे ठाऊक होतं. तरी ते माझ्या डोक्यात आलं नाही, कारण माझ्या हातात छापील इंग्रजी कागद होता.

डब्या मीच दिल्या. पांढऱ्या, फिरकीच्या झाकणाच्या, झाकणाला आतून चमचा. एका डबीवर निळी पट्टी, मुलासाठी. दुसरीवर पिवळी, मुलीसाठी. नुसत्या आकड्यांवर विसंबू नये म्हणून ही युक्ती मी काढली होती आणि डॉक्टरांनी ती सगळ्या घरांना लागू केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बर्फाची पेटी घेऊन गेले. दोन्ही डब्या भरून, पुसून, उंबऱ्याच्या आत ठेवलेल्या होत्या. सुनेने त्या माझ्या हातात दिल्या आणि पदराने हात पुसले. मी वेळ लिहिली, पट्ट्यांचे रंग लिहिले, सही केली.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर माझी वही उघडी होती.

"बेन, या जुळ्यांचे उंदीर नीट वागत नाहीत. दुबळ्या मुलाचे उंदीर वाळायला हवेत, निदान थोडे. ते मुलीच्या उंदरांइतकेच जाड झाले."

मी म्हटलं, "म्हणजे तुमचा तर्क चुकला?"

"एवढ्याने नाही. आम्ही नमुने पुन्हा तपासले. दोन्ही डब्यांत एकाच बाळाचा माल आहे. त्यात बाळाच्या स्वतःच्या थोड्या पेशीही येतात, त्यावरून मुलगा की मुलगी ते दिसतं. दोन्हीत मुलगीच आहे. मुलाचं काहीच नाही."

मला आधी राग आला तो माझ्या वहीसाठी. मी म्हटलं, तुमच्याकडेच काही गफलत झाली असेल. ते म्हणाले, असेलही, पण त्यांनी तिथे दोनदा पाहिलं होतं. मी तिथून थेट बमरोलीला गेले. माझी वही बरोबर आहे हे मला सिद्ध करायचं होतं, दुसरं काही नाही.

खोलीत सून धागे कापत होती. मुलगा भिंतीला टेकून पेस्टची रिकामी पुडी चोखत होता. मी विचारलं. सुनेची कात्री चालूच राहिली. सासूनेच उत्तर दिलं, आणि ते काही लपवल्यासारखं नव्हतं.

"दोन्ही पोरीच्याच भरल्या. मीच सांगितलं हिला."

"का, अक्का?"

"तुम्हीच वाचलं ना बाई? उंदराच्या पोटात त्याचं जाणार, आणि मग उंदीर मारणार. तो आधीच अर्धा आहे. त्याच्यातलं काढून मरायला द्यायचं?"

"मग मुलीचं दिलंत ते?"

"पोर धट शे. ती सोसी लेई." मुलगी दणकट आहे, ती सोसून घेईल.

मुलगी तेव्हा माझ्या पिशवीतून चष्म्याचं घर ओढत होती. तिची आई एकदाच वर पाहून म्हणाली, "बाई, डॉक्टरांना नका सांगू. पुड्या बंद करतील."

"बघते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत काय झालं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण सगळं त्यावरच आहे. ते म्हणाले, "बेन, मला एक सांगा. डब्यांना पट्ट्या लावताना तुमच्याकडून काही इकडचं तिकडे झालं असेल का? मुलाची डबी राहून गेली, मुलीचीच दोन भागांत गेली, असं काही? तसं असेल तर मी हाताळणीतली चूक म्हणून लिहीन, नमुने पुन्हा घेऊ, आणि जोडी चालू राहील. घरच्यांनी बदललं असेल, तर संमती खरी नव्हती असा अर्थ होतो. मग नियमाने जोडी वगळावी लागते."

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मला ते त्याही क्षणी कळलं होतं. मी नुसतं म्हणायचं होतं, हो, माझ्या हातून झालं. वहीत एका ओळीवर काट मारायची होती. माझा पगार थांबणार नव्हता, कुणी मला रागावणार नव्हतं. दर मंगळवारी काटा गेला असता, पुड्या गेल्या असत्या. आणि मुलाची शी घ्यायला मी या वेळी कदाचित नीट समजावून सांगितलं असतं.

मी म्हटलं, "माझ्या हातून अशी चूक होत नाही." आणि घरात जे ऐकलं ते सगळं सांगितलं.

त्यांनी माझी वही जवळ ओढली. मग त्या दोन ओळींसमोर लाल पेनाने लिहिलं, वगळले. ते वाईट माणूस नव्हते. सरकारी दवाखान्यातल्या कुपोषित मुलांच्या वॉर्डासाठी त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली, आणि नर्सजवळच्या उरलेल्या पुड्याही. माझा आग्रह एवढाच होता, की चिठ्ठी मीच पोचवणार आणि मुलाला मीच घेऊन जाणार.

पहिल्या मंगळवारी मी गेले आणि घेऊन गेलेही. सून, मुलगा आणि मी, रिक्षाने. वॉर्डातल्या बाईंनी मुलाचा दंड मोजला आणि म्हणाल्या, आईसकट दोन आठवडे भरती करा. सुनेने विचारलं, मुलगी कुठे राहील? त्या म्हणाल्या, आजीजवळ. आम्ही विचार करून येतो म्हणून परत आलो. घरी सासूने चिठ्ठी हातात घेतली आणि माझ्याकडे परत केली. "तिथे ठेवलेली पोरं परत येत नाहीत. आमच्या ओळीतली दोन गेली." नवरा म्हणाला, दिवाळीत मिल बंद राहील, तेव्हा बघू.

दुसऱ्या मंगळवारी मी पुन्हा गेले. काटा माझ्याजवळ नव्हता. मी मुलाला उचलून पाहिलं. पुड्या संपल्या होत्या. मी घरून शेंगदाणे, गूळ आणि दुधाची पावडर कुटून एका बरणीत घेऊन गेले होते. त्याने दोन बोटं चाटली आणि तोंड फिरवलं. सुनेला मी म्हटलं, "पुढच्या मंगळवारी मी येते. तेव्हा मी तुझ्या सासूशी भांडते, पण आपण याला नेऊ." ती म्हणाली, "हो बाई, तुम्ही या. तुम्ही बोललात तर ऐकतील."

त्या शनिवारी तुम्ही आलात. तीन आठवड्यांसाठी. आठवतं का, थोरलीला चकल्या पाडायच्या होत्या आणि धाकट्याला विमानात सर्दी झाली होती? घर भरलेलं होतं. पहिल्या मंगळवारी आपण डुमसला समुद्रावर गेलो. दुसऱ्या मंगळवारी लक्ष्मीपूजनाची तयारी होती. तिसऱ्या मंगळवारी तुमच्या बॅगा भरायच्या होत्या. तिन्ही मंगळवारी सकाळी मला आठवण झाली आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, तुम्ही गेल्यावर जाईन. हे मी तुमच्यावर ढकलत नाही. तुम्ही पोरं होतात. एक रिक्षा, दोन तास, एवढंच लागलं असतं, आणि तुम्हाला सांभाळायला तुमची आई होती.

तुमचं विमान गेलं, त्यानंतरच्या मंगळवारी मी गेले. दार उघडं होतं. सून धागे कापत होती. मुलगी तिच्या पाठीला रेलून उभी होती आणि वेणी ओढत होती. मी खोलीभर पाहिलं. खोली एवढी लहान, की शोधावं लागत नाही.

"गेला, बाई," ती म्हणाली. "जुलाब झाले. चार दिवस. भाऊबीजेच्या दिवशी."

मी खाली बसले. 

"तुम्ही मंगळवारी याल म्हटलं. सोमवारपासून जुलाब होते. म्हटलं, उद्या बाई येतील, मग नेऊ." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. ती घडलं तसं सांगत होती. लहान पोराला जाळत नाहीत, म्हणून पुरलं होतं. नवऱ्याने आणि दोन शेजाऱ्यांनी नेलं. तिला नेलं नाही.

तेवढ्यात सासू बाहेरून पाण्याची कळशी घेऊन आली. मला पाहून तिने कळशी खाली ठेवली आणि पहिलं काय विचारलं असेल? "बाई, ते उंदीर मारले का?"

मी खोटं बोलू शकले असते. या वेळी त्याने कुणाचं काही वाचणारही नव्हतं. "मारले," मी म्हटलं. "दिवाळीच्या आधी."

ती मुलीकडे बघत राहिली. 

"मंग ही कशी ऱ्हायनी?"

ही कशी राहिली. तिच्या हिशेबात मुलीचं दिलं होतं, मुलीचं मरायला हवं होतं, आणि मरण चुकीच्या घरात नाही तर चुकीच्या पोरावर पडलं होतं. सुनेने कात्री ठेवली. मुलीला हात धरून पुढे ओढलं, मांडीवरच्या साडीसकट कुशीत घेतलं आणि सासूकडे पाठ करून बसली. तिने मुलीच्या कानांवर हात ठेवले होते. त्या पोरीला काय कळणार होतं? तरी ठेवले होते.

मी सासूला काही समजावलं नाही. माझ्याकडे शब्द होते, तिन्ही भाषांत. पण कुठल्या तोंडाने वापरणार होते?

मी ते काम आणखी दोन वर्षं केलं. सोडलं असतं तर बरं दिसलं असतं, म्हणून सोडलं नाही. कागद पूर्वीसारखाच शेवटपर्यंत वाचत राहिले, उंदीर मारण्याचं वाक्यसुद्धा. पण कागद उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारायचे, की तुमच्याकडे बाळाचं काय काय घराबाहेर देत नाहीत? बाया आधी चपापायच्या, मग सांगायच्या. काही घरं नाही म्हणायची. मी त्यांचा नकार वहीत लिहीत नसे आणि डॉक्टरांना सांगत असे, घर बंद होतं. अशी सात-आठ खोटी घरं माझ्या वहीत आहेत. थोरले, तुझ्या तिथे नमुने गोठवलेले येत असतील, नळीवर नुसता आकडा. तुला त्यांची घरं दिसणार नाहीत, आणि तुझा त्यात दोष नाही.

डॉक्टरांचा लेख पुढे छापून आला. त्यांचा तर्क बराचसा बरोबर निघाला. बाकीच्या घरांतल्या दुबळ्या पोरांचे उंदीर खरंच वाळले. तो मी वाचला. या जुळ्यांचा त्यात उल्लेख नाही. वगळलेल्यांचा नसतो.

बमरोलीला मी अजून जाते, वर्षातून दोन-तीनदा. सासू गेली. नवरा दुसऱ्या मिलमध्ये लागला, पण खोली तीच आहे. मुलाचा एक फोटो सुनेच्या जुन्या फोनमध्ये होता, तो फोन बंद पडला. त्याच्या वजनाचे आकडे माझ्या वहीत आहेत, चढत गेलेले, आणि पुढे लाल अक्षरं. प्रयोगशाळेच्या थंड कपाटात त्याच्या क्रमांकाची नळी अजून ठेवलेली आहे, असं डॉक्टरांनी मला मागच्या वर्षी सांगितलं. तिच्यात आहे ते त्याच्या बहिणीचं आहे, आणि उणे ऐंशी अंशांना ते जिवंत राहतं. बहीण तिसरीत आहे, गुजराती शाळेत. तिला खाल्लेलं अंगी लागतं.